डॉ. होमी भाभा : किरणांच्या सरींचा हिशेब

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहावे, असा निरोप आपल्या १९९६च्या तुकडीच्या ग्रुपवर आला, तेव्हा अंगठ्याची खूण टाकून मी विसरून गेले. आठवण झाली ती माळ्यावरची पेटी उतरवताना. आईने जपून ठेवलेल्या कागदांत सहावीतले एक प्रवेशपत्र निघाले : डॉ. होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धा. काहींना आठवत असेल. विज्ञानाच्या बाईंनी आपल्यापैकी आठ-दहा जणांना निवडले होते आणि शाळा सुटल्यावर महिनाभर त्या तयारी करून घेत होत्या. भाईंदरला तेव्हा नगरपरिषद होती, दिवे कधी जातील याचा नेम नसे, आणि बाई मेणबत्ती लावून प्रश्न घालत. लेखी परीक्षेत मी पास झाले, प्रात्यक्षिकात गळाले. पण ज्यांच्या नावाची ती परीक्षा, ते गृहस्थ कोण, याची चौकशी माझ्यासकट कोणीच केली नव्हती. अणुशक्तीवाले शास्त्रज्ञ, एवढेच आपल्याला ठाऊक. राहून गेलेला तो अभ्यास आता पुरा केला. त्यामागे घरातलेही एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सधन पारशी घरात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते, वडील वकील होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी येणे-जाणे, पोलाद आणि विजेच्या कारखान्यांच्या गप्पा लहानपणापासून कानावर पडलेल्या. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, आणि मुलाला चित्रकला शिकवायला शिक्षक होते. कॅथीड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण मुंबईत झाले, आणि १९२७ साली होमी केंब्रिजला गेले.

कशासाठी गेले, हे महत्त्वाचे आहे. वडिलांचा आणि दोराबजींचा बेत पक्का होता : मुलाने मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. त्या काळी यापेक्षा चांगले भवितव्य कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण केंब्रिजची हवा वेगळी होती. डिरॅक तिथे होते, रदरफर्ड तिथे होते, अणूचे पोट रोज नव्याने उघडले जात होते. १९२८ साली, एकोणीसही पूर्ण नसताना, होमींनी वडिलांना पत्र लिहिले. मला धंद्यात किंवा इंजिनीअरिंगमध्ये गोडी नाही, मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्याची हौस नाही, मला भौतिकशास्त्रच करायचे आहे, अशा आशयाचे ते पत्र होते. वडील रागावले नाहीत आणि विरघळलेही नाहीत. त्यांनी अट घातली. आधी हाती घेतलेली इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षे केंब्रिजला राहा, खर्च मी करतो. १९३० साली होमी इंजिनीअरिंगमध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९३२ साली गणितातही. आपल्या घरांत असा वाद होतो तेव्हा एका बाजूला रडणे आणि दुसऱ्या बाजूला अबोला असतो. इथे दोघांनीही शब्द पाळला.

पुढची सात वर्षे म्हणजे भाभांच्या आयुष्यातला शुद्ध संशोधनाचा काळ. शिष्यवृत्तीवर ते युरोप फिरले. झुरिकला पावलींकडे आणि रोमला फर्मींकडे त्यांनी काम केले. त्यांचा विषय होता विश्वकिरण. अंतराळातून पृथ्वीवर सतत कण येऊन आदळतात, हे तेव्हा माहीत झाले होते. कोडे वेगळेच होते. मोजणीची यंत्रे कधी कधी एकाच क्षणी अनेक कणांचा सडा पडल्याचे दाखवत. हे एवढे कण एकदम येतात कुठून?

१९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याचे उत्तर गणिताने मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे तेच उत्तर काढले. सांगायला ते सोपे आहे. प्रचंड ऊर्जेचा एक गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक अतिशय जोरकस कण, वातावरणात शिरतो. हवेतल्या एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दोन कण जन्मतात : एक इलेक्ट्रॉन आणि एक त्याचा धनभारित जुळा भाऊ, पॉझिट्रॉन. हे दोघे पुढे जाताना दुसऱ्या केंद्रांपाशी वळतात आणि वळताना नवे गॅमा किरण सोडतात. त्या किरणांच्या पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक पायरीला ऊर्जा वाटली जाते आणि वाटणी फारच लहान झाली की नवे कण होणे थांबते. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे सरळ रिकर्शन आहे : फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते, आणि थांबण्याची अट आली की थांबते. भाभांनी कॉम्प्युटर नसताना कागदावर हिशेब केला, की एवढ्या ऊर्जेचा कण आला तर किती खोलीवर किती कण सापडतील. या सगळ्या प्रकाराला विश्वकिरणांची सर म्हणतात. पावसाची सर, तशीच.

याच्या आधी, १९३५च्या सुमारास, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित त्यांनी केले होते. त्याला आजही जगभर भाभा विकिरण असे म्हणतात, आणि कणांचे वेगवर्धक चालवणारे लोक आपल्या यंत्राची मोजणी बरोबर आहे का हे पाहायला तेच सूत्र वापरतात. आज भौतिकशास्त्रात सर्रास वापरला जाणारा मेसॉन हा शब्द त्यांनीच १९३९ साली आग्रहाने सुचवला.

त्याच वर्षी ते सुट्टीसाठी मुंबईला आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. सी. व्ही. रामन यांच्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली आणि तिथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग काढला. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जायचे, हे त्यांच्या मनात बराच काळ होते. पण बंगळूरच्या त्या वर्षांत विचार बदलला. चांगले काम करायला परदेशीच का जावे लागावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मार्च १९४४मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टकडे प्रस्ताव पाठवला, की मूलभूत भौतिकशास्त्राची एक उत्तम संस्था आपल्याकडे हवी, म्हणजे काही वर्षांनी अणुशक्ती वापरायची वेळ येईल तेव्हा माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. तारीख पाहा. हिरोशिमा अजून दीड वर्ष दूर होते.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपल्या बोलण्यातली टीआयएफआर, १ जून १९४५ रोजी बंगळुरात सुरू झाली आणि वर्ष संपण्याआधी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. तो बंगला त्यांच्या नात्यातलाच. १९४९ साली संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी. तिथल्या इमारतीची पायाभरणी १९५४ साली पंडित नेहरूंनी केली आणि १९६२ साली उद्घाटनही त्यांनीच केले. भाभांची रीत अशी, की आधी माणूस हेरायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. खुर्ची तयार आहे, आता कोणीतरी बसवा, असे त्यांनी केले नाही.

आपल्यापैकी निम्मे लोक कॉम्प्युटरवर पोट भरतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. भारतात आराखड्यापासून बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक टीआयएफआरमध्ये तयार झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी तो जोडला. १९६० साली तो चालू झाला आणि नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आपण सकाळी ग्रुपवर टाकतो त्या एका सुप्रभाताच्या चित्राला ती पुरणार नाही. पण टिफ्रॅक झाला नसता, तर त्यावर शिकलेली पिढी झाली नसती.

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा अध्यक्ष झाले. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४पासून अणुशक्ती केंद्र उभे राहू लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातल्या पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. १९५७ साली तिथे प्रशिक्षण शाळा निघाली. आपल्याच पश्चिम रेल्वेवर बोईसरला उतरून जायचे ते तारापूरचे वीज केंद्र त्यांच्या काळात ठरले, वीज मात्र १९६९ साली, त्यांच्यामागे, आली. १९५५ साली जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिचे अध्यक्षपद भाभांनी भूषवले.

कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगायला हवी. जिनिव्हाच्या त्या भाषणात त्यांनी भाकीत केले होते, की सूर्यात चालते तसले अणूंचे मीलन वीस वर्षांत माणसाच्या काबूत येईल. सत्तर वर्षे झाली, ते आलेले नाही. दुसरे म्हणजे, मेघनाद साहा यांनी लोकसभेत अणुऊर्जा कार्यक्रमाच्या गुप्ततेवर आणि कारभारावर कडक टीका केली होती. संशोधन विद्यापीठांतून उचलून वेगळ्या संस्थांत नेले, तर विद्यापीठे पोकळ होतील, ही त्यांची भीती होती. आपल्या काळात बी.एस्सी. म्हणजे दुसरे काही मिळाले नाही म्हणून घ्यायचे, असे जे समीकरण झाले होते, ते पाहिले की साहांची भीती अगदीच निराधार नव्हती असे मला वाटते. आणि तिसरी गोष्ट भाभांना स्वतःलाच भोगावी लागली : पन्नाशीच्या दशकानंतर त्यांचे स्वतःचे संशोधन जवळजवळ थांबले. फायली, समित्या, परदेश दौरे यांत तो गणिती हरवला.

सौंदर्यदृष्टी मात्र शेवटपर्यंत टिकली. ते स्वतः चित्रे काढत, आणि टीआयएफआरच्या भिंतींसाठी त्यांनी त्या काळच्या तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेतली. हुसेन यांचे भलेमोठे भित्तिचित्र तिथल्या दालनात आजही आहे. बांधकामाच्या आड झाड आले, तर ते तोडायचे नाही, मुळासकट हलवायचे, असा त्यांचा दंडक होता. लग्न त्यांनी केले नाही.

विश्वकिरणांचे बोटही त्यांनी सोडले नाही. फक्त आता काम दुसऱ्यांना करू दिले. संस्थेतून मोठाले फुगे आकाशात सोडले जात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल यंत्रे लावली गेली आणि १९६५ साली वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद तिथे झाली. त्याच वर्षी आपल्या शेजारी कल्याणजवळ गोविंद स्वरूप यांनी ३२ छोट्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण लावली. त्यांना अमेरिकेतून बोलावून घेणारे भाभाच.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग ७०७ विमानात होते. जिनिव्हाला उतरायच्या आधी विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. ११७ जण गेले. त्यांचे वय ५६. घातपाताच्या कहाण्या दर जानेवारीत आपल्या ग्रुपवर फिरतात. चौकशीत निष्पन्न झाले ते एवढेच : विमानातले एक दिशादर्शक यंत्र बंद होते, डोंगर मागे पडला की नाही याबद्दल वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला. मृत्यूचे कारण इतके साधे असू शकते, हे पचवणे कठीण जाते, म्हणून आपल्याला कटाची गोष्ट बरी वाटते. पुढल्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

आता १९३७च्या त्या सरीकडे परत येते, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे.

विश्वातले जे द्रव्य आपल्याला दिसते, तारे, धूळ, आपण, त्याच्या सुमारे पाचपट द्रव्य असे आहे की जे दिसतच नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका समूहात त्याचा पहिला सुगावा लागला : त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या वजनाने त्या एकत्र राहिल्याच नसत्या. याला डार्क मॅटर किंवा कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचे आहे, कोणालाही माहीत नाही. एक तर्क असा, की त्याचे कण कधी तरी एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील आणि त्यातून गॅमा किरण निघत असतील. मग ते शोधायचे कुठे? आकाशगंगेच्या मध्याकडे पाहिले तर तिथे इतर शंभर गोष्टी गॅमा किरण सोडतात. गर्दीच्या वेळी दादर स्टेशनवर कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे. त्यापेक्षा आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बटू दीर्घिका बऱ्या. सेगे-१ नावाची एक आहे, ७५ हजार प्रकाशवर्षांवर, तारे जेमतेम हजारभर, पण तिला धरून ठेवणारे अदृश्य वजन कितीतरी जास्त. नवे तारे नाहीत, वायू नाही, गोंगाट नाही. तिथून गॅमा किरण आले, तर ते कृष्णद्रव्याचेच असण्याची शक्यता मोठी.

हे किरण दोन प्रकारे पकडतात. एक, उपग्रहातून. २००८ साली सोडलेल्या दुर्बिणीला फर्मींचे नाव आहे, ज्यांच्याकडे भाभा रोमला शिकले तेच. किरणाची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी कुठे झाली, हे ती टिपते. दुसरा मार्ग जमिनीवरून. फार जोरकस गॅमा किरण वातावरणात शिरला, की भाभा-हाइटलर यांची सर कोसळते. त्या सरीतले कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतात आणि निळसर उजेडाची एक झुळूक सोडतात. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. मोठ्या आरशांनी ती गोळा करायची आणि सरीच्या आकारावरून मूळ किरण किती ऊर्जेचा, कुठून आला हे उलटे काढायचे. भाभा गेल्यानंतर काही वर्षांतच टीआयएफआरने उटीला हे तंत्र सुरू केले. आज लडाखमध्ये हानले येथे ४२७० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभी आहे. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिच्या कॅमेऱ्यात १०८८ प्रकाशनलिका आहेत, आणि कृष्णद्रव्याचा शोध हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.

मिळाले का? नाही. फर्मी दुर्बिणीने १५ बटू दीर्घिकांचा सहा वर्षांचा डेटा २०१५ साली चाळला, काही हाती लागले नाही. कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी सेगे-१कडे सुमारे १६० तास डोळे लावले, तिथेही काही नाही. पण हे नाही फुकट जात नाही. कृष्णद्रव्याचे कण अमुक वजनाचे आणि अमुक जातीचे असते, तर एवढे किरण दिसायला हवे होते. दिसले नाहीत, म्हणजे ती शक्यता बाद. आम्ही बग शोधताना हेच करतो. कुठे नाही, हे एकेक खात्रीने ठरवत जातो आणि उरलेली जागा लहान होत जाते. फक्त आमचा बग संध्याकाळपर्यंत सापडतो.

आता घरातले कारण. माझी लेक बारावीला आहे. तिला भौतिकशास्त्र करायचे आहे, आणि तेही नेमके हेच. १९९८ साली मीही बाबांना असेच काही म्हटले होते. विरार लोकलने चर्चगेटला जाऊन-येऊन थकलेले बाबा शांतपणे म्हणाले होते, की आधी पायावर उभी राहा. मी इंजिनीअर झाले. त्याचे दुःख नाही. त्या पगारावर हे घर झाले. पण लेकीसमोर मी त्यांचेच वाक्य बोलले, तेव्हा माझे मलाच चमकल्यासारखे झाले. तिने विचारले, वीस वर्षे शोधून नाहीच सापडले तर माझे काय, हेच ना तुझे म्हणणे? मला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघे नवरा-बायको दोन रात्री यावरच बोलत होतो. शेवटी भाभांच्या वडिलांचा मार्ग धरला. तिच्यापुढे अट ठेवली : इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा मन लावून दे, आणि विज्ञान संस्थांचीही दे. दोन्हीत चांगले गुण पडले, तर निवड तुझी, आम्ही मध्ये पडणार नाही. अर्ज दोन्हीकडचे भरले आहेत. बाबांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग तिला परीक्षा केंद्रावर सोडायला मी येईन म्हणाले.

दहावीच्या वर्षी दिवाळीत, २४ ऑक्टोबर १९९५ला, खंडग्रास सूर्यग्रहण पाहायला बाईंनी आपल्याला सकाळी बोलावले होते, आठवते? काळ्या काचेसाठी आपण भांडलो होतो. बाई मेळाव्याला येणार आहेत असे कळले. ते जुने प्रवेशपत्र मी बरोबर आणते आहे, लेकीलाही आणते आहे. प्रात्यक्षिकात मी गळाले ते नेमके कशामुळे, हे बाईंना विचारायचे राहून गेले आहे.